तिसावा रोजा

राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडून बायकोचं, ताजबीचं औषध घेऊन दस्तगीर मास्तर जिना उतरले तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. एकोणीसशे ब्याऐंशी साल, जुलैची एकवीस तारीख, बुधवार. रमजानचा एकोणतिसावा रोजा होता आणि सकाळपासून पावसाची झड लागली होती. बाटली हातात देताना डॉक्टरांनी वर बघितलं नव्हतं. "मास्तर, आता त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या," एवढंच म्हणाले होते.

खाली पानपट्टीच्या आडोशाला हंबीरराव उभे होते. त्यांच्या तालमीत दरसाल मोहरमला पिराचा पंजा बसायचा, आणि तो कधी बसणार हे ते मास्तरांनाच विचारायचे.

"बरं गावलासा, मास्तर. औंदा पंजे कवा बसत्यात?"

मास्तरांनी क्षणभर डोळे मिटले. "ऑक्टोबरच्या वीस-एकवीसला. औंदा दसरा आन् मोहरमची नववी, खत्तल रात्र एकाच टायमाला येणार बघा."

"ते कसं काय? गेल्या साली तर दिवाळी झाल्यावर आलतं की."

"आमचं वर्ष चांदाचं, हंबीरराव. तीनशे चौपन्न दिसांचं. दरसाल अकरा दिवस मागं सरतंय. तुमचा महिना बी चांदाचाच, पर तुमी तीन वर्सांतनं एकदा अधिक महिना घालून सूर्याला गाठतासा. औंदा तुमचा अधिक अश्विन हाय, म्हणून दसरा लांबलाय. आमचा चांद कुणासाठी थांबत न्हाय. फिरत फिरत तेहतीस वर्सांनी परत त्याच पावसात येतोय..."

तेहतीस हा आकडा तोंडातून गेला आणि मास्तरांनी छत्री उघडली. ते तसेच चालू लागले.

प्राथमिक शाळेत तीस वर्षं गणित शिकवून मास्तर निवृत्त झाले होते. पण गावात त्यांना ओळखायचे ते तारखांमुळं. कुणाच्या बापाचा जन्म 'बकरी ईदच्या आदल्या दिवशी, प्लेगाच्या साली' झालेला असायचा, कुणाच्या आजीचा इंतकाल 'शाबानच्या चौदाव्या रात्री'. मास्तर जुन्या जंत्र्या, म्हणजे पंचांगं, उलटायचे, कागदावर बेरजा-वजाबाक्या करायचे आणि इंग्रजी तारीख काढून द्यायचे. हिंदू असो, मुसलमान असो, त्यांच्या दारातून कुणी हात हलवत गेलं नाही. लोक म्हणायचे, मास्तरांना हा नादच आहे. हा नाद कशानं लागला ते फक्त मास्तरांना ठाऊक होतं.

त्यांना एकच मूल झालेलं. जरीना. एकोणीसशे एकोणपन्नास साली ती सहा वर्षांची होती. तेव्हाही रमजान असाच भर पावसात आलेला. एकोणतिसाव्या संध्याकाळी सगळी गल्ली मशिदीच्या गच्चीवर चढली, पण आभाळ ढगांनी गच्च भरलेलं. चंद्र दिसला नाही. मग मौलवींनी सांगितलं, उद्या ईद नाही, उद्या तिसावा रोजा. एक दिवस वाढला. वाढला म्हणून ताजबीनं ईदची मोठी भांडी पुन्हा एकदा राख लावून घासून आणायला नदीवर नेली, आणि जरीना तिच्या मागोमाग गेली. पंचगंगेला पूर होता. घाटाच्या पायरीवर पोरीचा पाय घसरला. ती सापडली ती ईदच्या दुसऱ्या दिवशी, दोन कोस खाली.

ईद एक दिवस आधी झाली असती, तर ताजबी नदीवर गेलीच नसती. हे गल्लीतल्या प्रत्येकाला कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

पण मास्तरांच्या पोटात त्याहून वाईट गोष्ट होती. त्या संध्याकाळी गच्चीवर, ढग क्षणभर फाटले तेव्हा, नखाच्या कोरीएवढी एक पांढरी रेघ त्यांना दिसली होती. किंवा दिसल्यासारखी वाटली होती. शेजारच्या माणसानं तेवढ्यात "मला दिसला" म्हणून हात वर केला होता. गवाहीला दोघं लागतात. "आणखी कुणाला दिसला?" मौलवींनी विचारलं. मास्तर तेव्हा सव्वीस वर्षांचे, पहिल्यांदाच मोठ्यांच्या ओळीत उभे राहिलेले. खोटं ठरलो तर हसतील, या भीतीनं ते बोलले नाहीत.

तेव्हापासून ते तारखा काढत होते. त्या संध्याकाळी कोल्हापुरात चंद्र दिसायला हवा होता की नव्हता, एवढंच त्यांना शोधायचं होतं. एक जंत्री म्हणायची, तो महिना एकोणतीसचा. दुसरी म्हणायची, तीसचा. तेहतीस वर्षं कागद भरले, उत्तर मिळालं नाही. ताजबीला त्यांनी हे कधी सांगितलं नाही.

ताजबीची गोष्ट निराळीच होती. ती म्हणायची, जरीना येते. दरसाल नाही. रमजानला तिसावा रोजा असेल त्याच साली. तिसाव्या दिवशी असरची बांग झाली, दुपार कलली, की मागल्या दाराची कडी वाजते आणि ओल्या पावलांनी कुणीतरी स्वयंपाकघरात येतं. एकोणतीसलाच चांद दिसला, तर त्या साली येत नाही. तिचा दिवसच नसतो, मग कुठल्या दिवशी येणार?

मास्तरांनी कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही. तिसाव्या दुपारी ते काहीतरी काम काढून बाहेर पडायचे. परत आले की ताजबी चुलीपुढं बसलेली असायची, डोळे रडून सुजलेले आणि चेहरा मात्र निवलेला.

"पोरगी वाढलीया," ती एकदा म्हणाली होती. "आता पावलं जड वाजत्यात. बांगड्या बी मोठ्या झाल्यात. किती वर्सांची झाली वो जरीना?"

"सूर्याच्या हिशोबानं एकवीस," मास्तर नकळत बोलून गेले होते. "चांदाच्या हिशोबानं... जवळजवळ बावीस."

"ती चांदाच्याच हिशोबानं वाढती," ताजबी म्हणाली होती.

गेली तीन वर्षं तिसावा रोजा आला नव्हता. तिन्ही वर्षी चांद एकोणतीसला दिसला. आणि आता ताजबी अंथरुणाला खिळली होती. दम एवढा लागायचा की एक वाक्य बोलायला तिला तीन वेळा थांबावं लागे.

मास्तर घरी पोचले तेव्हा शेजारची नजीरा तिच्या उशाशी बसली होती. मास्तर आलेले बघून ती उठून गेली. ताजबीनं औषधाकडं बघितलं नाही. मास्तरांचा हात धरला.

"आज... गच्चीवर जाणार?"

"जायाला पायजे. दिलदार बोलवाय येईल."

"औंदा... तीस होऊ द्या."

"ते काय माझ्या हातात हाय, ताजबी?"

"डोळ्यात हाय की तुमच्या." तिनं दम घेतला. "गाव तुमचं ऐकतंय. पुढल्या साली... मी न्हाय. एकदा भेटू द्या मला. एकदाच."

मास्तर तिच्या हाताच्या उघड्या पडलेल्या शिरा बघत राहिले.

सूर्य मावळताना, मगरीबच्या वेळेला मशिदीची गच्ची माणसांनी भरली. तरुण माणसं दगडी कठड्यावर चढलेली, म्हातारे छत्र्या धरून उभे. पश्चिमेला पन्हाळ्याच्या बाजूला ढगांची भिंतच होती. मशीद कमिटीचा दिलदार, चाळिशीचा उत्साही माणूस, खालून वर येऊन सांगून गेला, "मिरजेत बी ढग, बेळगावात बी ढग. फोन झाला."

तेवढ्यात जिन्यावरून एक अनोळखी माणूस धापा टाकत आला. अंगातला सदरा चिखलानं माखलेला. तो गडहिंग्लजच्या यष्टीतून नुकताच उतरला होता.

"मी बघिटलो," तो म्हणाला. "आत्ताच, यष्टी गावात शिरताना. बारीक, पर सपष्ट. अल्लाची शपथ."

गलका झाला. मौलवींनी हात वर केला. "एक गवाह झाला. दुसरा पाहिजे."

आणि त्याच वेळी, खालच्या ढगाची कड उसवली. पन्हाळ्याच्या डाव्या अंगाला, अगदी खाली, तांबूस उजेडात एक बारीक रेघ. मास्तरांना ती दिसली. या वेळी शंका नव्हती. कोवळी, वाकडी, सुईनं ओरखडा काढावा तशी. त्यांनी आजूबाजूला बघितलं. सगळे त्या गडहिंग्लजच्या माणसाकडं बघत होते. पुन्हा वर बघेपर्यंत ढग मिटला होता.

"मास्तर," दिलदारनं हाक मारली, "तुमी तिकडंच बघालतासा. तुमाला दिसला?"

पावसाची बुरबुर तेवढी ऐकू येत होती.

"न्हाय," मास्तर म्हणाले.

"नक्की?"

"न्हाय दिसला."

गडहिंग्लजचा माणूस पुढं आला. "म्हंजे मी खोटं बोलालोय व्हय, पावणं? रोजा हाय माझ्या तोंडात."

मास्तरांनी त्याच्याकडं बघितलं नाही. जिन्याच्या भिंतीला हात लावत ते खाली उतरले. मागं मौलवींचा आवाज आला, उद्या तिसावा रोजा.

घरी येऊन त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "तीस झाले." ताजबीनं डोळे मिटले. तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानापर्यंत ओघळलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पहाटे सहरीचं काही खाल्लं नाही आणि रोज्याची नियतही बांधली नाही. ईदच्या दिवशी रोजा धरणं गुन्हा, हे त्यांना माहीत होतं. पण सगळी गल्ली उपाशी असताना पाण्याचा घोटही त्यांच्या घशाखाली उतरेना. ना रोजा, ना ईद, असा तो दिवस त्यांच्यापुढं उभा राहिला. माणसं रस्त्यानं जात होती, कुणी शेवया घेऊन, कुणी शिवून आणलेले कपडे घेऊन, आणि प्रत्येकाच्या सुकलेल्या ओठांकडं बघून मास्तरांना वाटत होतं, हे माझं करणं.

दुपारी नजीरा घरी गेली. पाऊस वाढला. आभाळ इतकं खाली आलं की चार वाजताच घरात दिवेलागण झाल्यासारखं वाटू लागलं. लाईट गेली होती. मास्तरांनी कंदील लावून बाहेरच्या खोलीत ठेवला. या तिसाव्याला ते बाहेर गेले नाहीत. जायला निघालेही होते, चप्पल पायात घातली होती. पण आतून ताजबीचा श्वास ऐकू येत होता, तो कधी थांबेल याचा नेम नव्हता. ते खाटेवर बसले. दोन खोल्यांच्या मध्ये छिटाचा पडदा होता.

असरची बांग झाली.

पहिल्यांदा वास आला. तुपात भाजलेल्या शेवयांचा, दुधात शिजणाऱ्या खारकांचा. मास्तरांना वाटलं, शेजारून येत असेल. पण आज कोण दिवसाढवळ्या खीर शिजवणार? आणि त्यांच्या घरातला स्टोव्ह सकाळपासून थंड होता. वास दाट झाला. त्याच्या खाली आणखी एक वास होता, गढूळ पाण्याचा, पुरानंतर घाटावर येतो तसा.

मग मागल्या दाराची कडी निघाली. सावकाश, माहितीच्या हातानं काढल्यासारखी.

पावलं आली. लहान पोराची नव्हती. जड, थोडी थकलेली, दिवसभर काम केलेल्या बाईची. काकणं एकदा किणकिणली. भांड्याला पळी लागल्याचा आवाज झाला.

आणि ताजबी हसली. हलकंच, पण दम न लागता. मास्तरांनी ते हसणं किती वर्षांत ऐकलं नव्हतं.

"...जेवलीस का गं?" ताजबी विचारत होती. उत्तर ऐकू आलं नाही. नुसती कुजबुज. मग ताजबीचाच आवाज, "व्हय... हैत की. बाहीरच्या खोलीत..."

पावलं पडद्याकडं आली आणि थांबली.

मास्तरांची मान वर होईना. पडद्याखालून त्यांना दोन पाय दिसत होते. चाळिशीच्या बाईचे पाय. टाचा फुटलेल्या, बोटांत चिखल, आणि घोट्यांवरून पाणी निथळून शहाबादीवर पसरत होतं. जे पाय त्यांनी शेवटचे बघितले होते ते वीतभराचे होते. एवढी वाढली आपली पोर, आणि आपण एकदाही बघितलं नाही.

"अब्बा..."

आवाज बाईचा होता. हाक सहा वर्षांच्या पोरीची होती.

"काल चांद हुता... न्हवं?"

"व्हय, बाळ," मास्तर पुटपुटले. "हुता."

पडद्याखालचे पाय हलले नाहीत.

"आन्... त्या साली?" मास्तरांनी विचारलं. "त्या साली... हुता का गं?"

"हुता की, अब्बा."

मास्तरांनी खाटेची कड घट्ट धरली.

"मी ईदच्या दिवशी गेलो, अब्बा," पडद्याआडून आवाज आला. त्यात राग नव्हता, तेच सहन होत नव्हतं. "तिसावी तारीख... तुमी लावलासा मला."

"मग तिसाव्यालाच का येतीस? पोरी... ईदला का येत न्हाईस?"

"तुमी दिलेली तारीख हाय न्हवं... दुसरी कुठली हाय मला?"

मास्तर उठले. पडद्याकडं दोन पावलं गेले. हात पुढं केला, पण कापडाला लावायचा धीर झाला नाही. पलीकडं कुणीतरी खोल श्वास घेतल्यासारखं वाटलं. मग ते पाय मागं वळले.

"अम्मी... चल."

तेवढं स्पष्ट ऐकू आलं. मागोमाग दोघींची पावलं. एक जड, ओली. आणि एक हलकी, अनवाणी, भराभर टाकलेली. ताजबी चार महिन्यांत अंथरुणावरून उठली नव्हती.

मास्तर पडद्यापुढं तसेच उभे होते, तोवर रोजा सोडायचा, इफ्तारचा भोंगा झाला. गल्लीत एकदम आवाज उसळले. मास्तरांनी पडदा बाजूला केला. मागलं दार आतून बंद होतं. ताजबी अंथरुणावरच होती, कुशीवर वळलेली, एक हात उशीखाली घेऊन लहान मूल निजतं तशी. श्वास नव्हता. ओठांच्या कोपऱ्यात दुधाची साय लागली होती. मास्तरांनी ती आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसली आणि तिच्या पायांशी बसून राहिले. नजीरा शिरखुर्म्याची चौकशी करायला आली, तिनं बघितलं आणि गल्ली गोळा केली.

रात्री दिलदार मास्तरांजवळ बसला होता. बायका आत होत्या. मास्तर त्याला म्हणाले, "दिलदार, मी चांद बघिटला हुता."

दिलदारला आधी कळलंच नाही. कळलं तसा त्यानं मास्तरांचा हात दाबला. "गप बसा, चाचा. सगळ्या गावानं तीस धरल्यात. आता बोलून कुणाचा रोजा माघारी येणार हाय?"

"त्या गडहिंग्लजच्या माणसाला सांग. तो खरा हुता म्हणून."

"तो कालच रात्री गेला, चाचा. कोण कुठला, नाव बी कुणी इचारलं न्हाय."

मास्तर भिंतीला टेकले. कुणीतरी विचारलं, रजिस्टरात कुठली तारीख लिहायची? आयुष्यभर दुसऱ्यांना तारखा काढून देणाऱ्या माणसाला आपल्या बायकोची तारीख सांगता येईना. गावाच्या हिशोबानं रमजानची तिसावी. आभाळाच्या हिशोबानं ईद. मास्तर म्हणाले, "नुसतं बावीस जुलै लिहा."

सकाळी ईदची नमाज झाली आणि लोक नव्या कपड्यांतच जनाजा घेऊन निघाले. अत्तराचा वास, छत्र्या, चिखल. रात्रभर पाऊस कोसळला होता. कबरस्तानाच्या फाटकात कबरी खणणारा चमन उभा होता. सगळे पुढं गेले तसा तो मास्तरांच्या जवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"चाचा, कबरीत पाणी झालंय. काल दुपारीच भर पावसात खणलो."

"दुपारी?" मास्तर थांबले. "कालची रात झाल्यावर निरोप आला असंल की तुला."

"रात्री दिलदारभाईंचा आला. पर त्याच्या आधी दुपारीच बाई आलती. असरची बांग व्हायची हुती अजून. सगळी भिजल्याली. म्हणाली, अम्मीची कबर खणा, जरीनाच्या बाजूला. मला वाटलं, तुमच्या नात्यातली कुणी असंल."

ताजबीच्या कबरीत गुडघाभर पाणी साचलं होतं. चौघं माणसं डब्यांनी ते उपसत होती. मास्तरांची नजर तिच्या पलीकडं गेली. तिथं दुसरी एक कबर खणलेली होती. तेवढीच लांब, तेवढीच खोल, कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ. आणि आत पाण्याचा एक थेंब नव्हता. माती कोरडी, भुसभुशीत.

"ही कुणाची?" मास्तरांनी विचारलं.

"तेच सांगालोय की, चाचा." चमननं आवाज खाली आणला. "ती दोन खणा म्हणालती. पाऊस बघून मी एकच खणलो. सकाळी येऊन बघतो तर ही. मी कुदळ लावली न्हाय हिला, पोराबाळांची शपथ."

"पर कुणासाठी म्हणाली?"

चमननं कुदळीनं पायातला चिखल खरवडला.

"मी इचारलो तिला. दुसरी कुणाची आन् कवा लागणार म्हणून. तर हसली, आन् म्हणाली... 'त्याची तारीख अब्बा काढालेत.'"